उभ्या हेलिकॉप्टरची झुकलेली पाती

मोठे हेलिकॉप्टर जमिनीवर उभे असताना प्रथमच जवळून पाहणाऱ्या माणसाला एक गोष्ट हमखास खटकते. आकाशातून जाताना ज्याचा रोटर, म्हणजे डोक्यावरील फिरत्या पात्यांचे चक्र, एखाद्या ताठ तबकडीसारखा भासत होता, त्याच यंत्राची पाती आता उन्हाने मलूल झालेल्या केळीच्या पानांप्रमाणे खाली लवलेली दिसतात. यंत्रात काही बिघाड असावा अशी शंकाही क्षणभर मनात येते. प्रत्यक्षात बिघाड काहीच नसतो. पाते लांब आहे, सडपातळ आहे आणि एकाच टोकाला धरलेले आहे. ते स्वतःच्या वजनाने वाकते, इतकेच. परंतु हेच हेलिकॉप्टर प्लॅस्टिकच्या सुट्या भागांच्या संचातून जुळवून टेबलावर उभे केले, की त्याची पाती फूटपट्टीसारखी सरळ राहतात. रंग अचूक असतो, खुणा व अक्षरे जागच्या जागी असतात, तरीही पाहणाऱ्याला ते खेळणे वाटते. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

हा प्रश्न निव्वळ शोभेचा आहे असे समजण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची आणि स्वपक्षाची विमाने ओळखण्यास शिकविण्यासाठी ब्रिटन व अमेरिका या देशांत लहान प्रतिकृतींचा मोठ्या प्रमाणावर उपयोग करण्यात आला. अमेरिकेच्या नौदलाने १९४२ साली शाळांतील मुलांकडून अशा लाखो लाकडी प्रतिकृती करवून घेण्याची मोहीमच हाती घेतली. त्यांचे प्रमाण १:७२ असे होते, म्हणजे प्रत्यक्षातील सहा फुटांना प्रतिकृतीत एक इंच. त्या प्रतिकृतीचा बाह्याकार चुकला, तर तोफेजवळ उभ्या असलेल्या सैनिकाचा अंदाज चुकण्याचा संभव होता. आजच्या छांदिष्टावर एवढी जबाबदारी नसते हे खरे. तथापि ग्रंथालयाच्या किंवा शाळेच्या कपाटातील प्रतिकृती पाहणाऱ्या पुष्कळ मुलांनी खरे हेलिकॉप्टर जवळून पाहिलेले नसते. त्यांच्या मनात जो आकार ठसतो तो प्रतिकृतीचा. ताठ पात्यांचे हेलिकॉप्टर त्यांना एक चुकीची गोष्ट शिकवून जाते. ती अशी, की एवढ्या लांबीच्या वस्तूला वजन नसते.

प्लॅस्टिकच्या भागांचे संच १९३६ पासून मिळू लागले. ब्रिटनमध्ये ‘फ्रॉग’ या नावाखाली निघालेल्या ‘पेंग्विन’ मालिकेतील ते पहिले संच सेल्युलोज अॅसिटेटचे होते. हा पदार्थ कालांतराने आकसतो व वेडावाकडा होतो. युद्धानंतर त्याची जागा पॉलिस्टायरीनने घेतली आणि ती आजपर्यंत टिकून आहे. भारतात पॉलिस्टायरीनचे उत्पादन १९५७ साली मुंबईत सुरू झाले. कंगवे, डब्या, लेखण्यांची टोपणे अशा कितीतरी घरगुती वस्तूंतून हे प्लॅस्टिक वाचकाच्या परिचयाचे आहे. ते वितळवून मोठ्या दाबाने पोलादी साच्यात भरले जाते. साच्याच्या बारीक पोकळीत ते सर्वत्र पोचावयाचे, तर त्या पोकळीला थोडी जाडी द्यावीच लागते. त्यामुळे संचातील बहुतेक भिंती सुमारे १ मिलिमीटर जाडीच्या असतात. हा आकडा लहान दिसतो. पण १:७२ या प्रमाणात त्याला बहात्तरने गुणले पाहिजे. म्हणजे प्रतिकृतीतील हेलिकॉप्टरच्या अंगावरचा पत्रा सात सेंटिमीटरांहून जाड झाला! खऱ्या यंत्राचा पत्रा जेमतेम एखादा मिलिमीटर जाड असतो. सात सेंटिमीटर जाडीचे चिलखत घातलेले हेलिकॉप्टर जमीन सोडणे शक्य नाही, आणि डोळ्याला हे गणित करता येत नसले तरी त्याचे उत्तर मात्र जाणवते.

जाडीचा दोष कारखान्याच्या मर्यादेमुळे येतो. ताठपणाचा दोष निसर्गनियमामुळे येतो, आणि तो अधिक मनोरंजक आहे.

गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दोन नव्या विज्ञानांविषयीच्या ग्रंथात असे दाखवून दिले, की एखादी रचना सर्व बाजूंनी सारख्याच पटीने मोठी केली तर तिचे बळ त्या पटीने वाढत नाही. म्हणूनच मोठ्या प्राण्यांची हाडे लहान प्राण्यांच्या हाडांपेक्षा प्रमाणाने अधिक जाड असावी लागतात. हाच नियम उलट दिशेने लावून पाहावा. पाते बहात्तर पटींनी लहान केले, की त्याचे वजन ७२ × ७२ × ७२, म्हणजे ३,७३,२४८ पटींनी कमी होते. त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र केवळ ५,१८४ पटींनी घटते. वजन घटले पुष्कळ आणि ते पेलणारा छेद घटला त्या मानाने थोडा. परिणामी त्याच धातूची हुबेहूब प्रतिकृती केली, तर तिचे पाते लांबीच्या मानाने खऱ्या पात्याच्या बहात्तराव्या हिश्शाइतकेच लवेल. पॉलिस्टायरीन हे अॅल्युमिनियमपेक्षा वीसहून अधिक पटींनी लवचीक आहे. पण ते हलकेही आहे. या दोहोंचा ढोबळ हिशेब केला तर लवण सुमारे नऊ पटींनी वाढते, आणि तरीही ती खऱ्याच्या एक-अष्टमांशच राहते. तात्पर्य, गुरुत्वाकर्षण जे काम मोठ्या यंत्रावर आपोआप करते ते लहान प्रतिकृतीवर करीत नाही. ते हाताने करावे लागते, आणि हाताला ते शिकावे लागते.

उदाहरणासाठी मि-८ हे हेलिकॉप्टर घेणे सोयीचे होईल. मिखाईल मिल यांच्या रचना-संस्थेने तयार केलेल्या या सोव्हिएत यंत्राचे पहिले उड्डाण १९६१ साली झाले. भारतीय वायुसेनेत ते ‘प्रताप’ या नावाने ओळखले जाई आणि २०१७ साली ते तेथून निवृत्त झाले. त्याच्या रोटरला पाच पाती असून चक्राचा व्यास २१.२९ मीटर आहे. एका बाजूची लांबी साडेदहा मीटरांहून अधिक, तर पात्याची रुंदी केवळ ५२ सेंटिमीटर. १:७२ या प्रमाणात ही लांबी सुमारे १४८ मिलिमीटर आणि रुंदी ७.२ मिलिमीटर होते. पाते मध्यभागाशी बिजागरीने जोडलेले असल्यामुळे ते उड्डाणात वरखाली होऊ शकते. परंतु रोटर थांबला असताना किंवा सावकाश फिरत असताना एक अटकाव त्याला फारसे खाली पडू देत नाही. हे ध्यानात घेणे फार महत्त्वाचे आहे. याचा अर्थ असा, की उभ्या मि-८ चे पाते मुळाशी जवळजवळ आडवेच बाहेर निघते आणि मग वाकत जाते. मुळाशीच मोडल्यासारखा कोन करून सरळ पाती खाली उतरविणे, ही अनेकांना सुचणारी सोपी युक्ती, येथे साफ चुकते.

वाकणे नेमके कसे असते? नवशिका मनुष्य बहुधा पात्याचे टोक बोटांत धरून खाली दाबतो, आणि पाते टोकाजवळ वळते. खऱ्या पात्यात याच्या उलट घडते. मुळाजवळच्या भागाला बाहेरच्या साऱ्या लांबीचे वजन पेलावे लागते; टोकाजवळच्या भागाला जवळजवळ काहीच पेलावे लागत नाही. म्हणून बाक सर्वांत अधिक मुळाकडे असतो, बाहेर जाता जाता तो कमी होतो, आणि शेवटचा भाग उतरता असला तरी जवळजवळ सरळ असतो. सर्वत्र सारख्या जाडीची व सारख्या वजनाची पट्टी एका टोकाला घट्ट धरली, तर गणिताने असे निघते की टोक जेवढे खाली येते त्याच्या सुमारे ३५ टक्के उतार लांबीच्या बरोबर मध्यावर असतो. पाते वर्तुळाच्या कमानीप्रमाणे सारखे वाकविले असते, तर हा आकडा सुमारे २५ टक्के आला असता. मुळाशी मोडून सरळ ठेवले असते, तर ५० टक्के. खरे पाते अगदी एकसारखे नसते. त्याचे मूळ जाड व ताठ असते, त्यामुळे बाक थोडा बाहेरून सुरू होतो. तरीही ‘मध्यावर एक-तृतीयांशाहून किंचित अधिक’ ही खूणगाठ बांधून ठेवण्यासारखी आहे.

उताराचे माप छायाचित्रावरून घ्यावे. त्यासाठी छायाचित्र असे निवडावे, की निदान एक पाते पाहणाऱ्याच्या दृष्टिरेषेला आडवे असेल आणि कॅमेरा रोटरच्या उंचीच्या जवळपास असेल. खालून वर पाहून घेतलेली चित्रे फसवितात. आणखी एक खोच आहे. मि-८ च्या रोटरचा दांडा सुमारे साडेचार अंश पुढे कललेला आहे. म्हणून उतार क्षितिजापासून न मोजता दांड्याला काटकोनात असलेल्या पातळीपासून मोजावा. समजा, चित्रात पात्याची लांबी १२० मिलिमीटर भरली आणि टोकाचा उतार ८ मिलिमीटर भरला, तर हे गुणोत्तर पंधरास एक झाले. मग १४८ मिलिमीटरांच्या प्रतिकृतीत टोक सुमारे १० मिलिमीटर खाली यावे आणि मध्यावर उतार साडेतीन मिलिमीटर असावा. ही वक्ररेषा कागदावर काढून ती लाकडाच्या गुळगुळीत तुकड्यावर उतरवावी व कानशीने घासून त्याच बाकाचा ठोकळा तयार करावा. उष्णता काढून घेतल्यावर प्लॅस्टिक थोडे मागे फिरते, म्हणून ठोकळ्याचा बाक हव्या असलेल्या बाकापेक्षा किंचित अधिक ठेवणे इष्ट.

वाकविण्यापूर्वी पाते पातळ करावयाचे असते, कारण एकदा बाक आला की ते सपाट काचेवर धरून घासता येत नाही. खऱ्या पात्याची सर्वाधिक जाडी रुंदीच्या साधारण आठव्या हिश्शाइतकी असते, म्हणजे येथे ०.९ मिलिमीटर. संचात ती बहुधा याच्या आसपास असते. दोष असतो तो मागच्या कडेचा. तेथे अर्धा मिलिमीटर जाडी राहिली असेल तर खऱ्या यंत्रात ती ३६ मिलिमीटर झाली, आणि प्रत्यक्षात ती कड जवळजवळ धारेसारखी असते. पाते दुहेरी चिकटपट्टीने काचेवर बसवावे आणि पाण्यात भिजविलेल्या पॉलिश पेपरने मध्यापासून मागच्या कडेकडे घासत न्यावे. प्रथम ४०० क्रमांकाचा कागद, मग ६००, शेवटी १०००. पुढची कड गोल असते. तिला स्पर्श करू नये. पाण्याचा उपयोग केल्याने घासणे एकसारखे होते, आणि शिवाय प्लॅस्टिकची धूळ नाकातोंडात जात नाही. हे दुसरे कारण पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचे मानावे.

कड पातळ झाली की पाते पिळावे. रोटर फिरतो तेव्हा पात्याचे टोक मुळापेक्षा पुष्कळ अधिक वेगाने हवा कापते. म्हणून मुळाशी हवेशी असलेला कोन मोठा आणि टोकाशी लहान, अशी काही अंशांची पीळ खऱ्या पात्यात दिलेली असते. पीळ कोणत्या बाजूला द्यावी हे रोटर कोणत्या दिशेने फिरतो यावर अवलंबून आहे. मि-८ चा रोटर वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. अमेरिकी बनावटीच्या बहुतेक हेलिकॉप्टरांचा याच्या उलट. ही गोष्ट विसरून केलेल्या प्रतिकृतीत पात्याची जाड, गोल कड मागे आणि धार पुढे येते. असे यंत्र उडालेच तर उलटे उडेल, अशी थट्टा जाणकार करतात.

आता उष्णतेचा भाग. पॉलिस्टायरीन ९० ते १०० अंश सेल्सियसच्या दरम्यान मऊ पडते. उकळते पाणी त्याला नेमके पुरते आणि त्याहून अधिक तापवीत नाही; म्हणूनच ते सर्वांत भरवशाचे साधन आहे. पाते ठोकळ्यावर ठेवून सुती नाडीने बांधावे. दोरा वापरू नये, तो मऊ झालेल्या प्लॅस्टिकमध्ये रुततो. मग सांडशीने ठोकळा उकळत्या पाण्यात धरावा, अर्धे ते एक मिनिट ठेवावा आणि लगेच थंड पाण्यात बुडवावा. पाते मोकळेच पाण्यात सोडण्याचा मोह टाळला पाहिजे. साच्यात घाईने थिजताना प्लॅस्टिकमध्ये जे ताण अडकून राहिलेले असतात ते उष्णतेने सुटतात, आणि मोकळे पाते आखडून वेडेवाकडे होते. ते पुन्हा पूर्ववत होत नाही. प्रथम संचाच्या चौकटीचा एखादा तुकडा, जो अन्यथा फेकूनच द्यावयाचा असतो, त्यावर प्रयोग करून पाहावा. समुद्रसपाटीपासून फार उंचावर राहणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. लेहसारख्या सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या गावी पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, आणि तेथे प्लॅस्टिक पुरेसे मऊ होत नाही. ज्या पर्वतांवर ही हेलिकॉप्टरे सामान पोचवीत आली, तेथेच त्यांची पाती वाकविणे कठीण, हा योगायोग गमतीचा खरा.

मेणबत्तीच्या किंवा स्टोव्हच्या ज्योतीवर पाते धरण्याचा सल्ला कधीकधी ऐकू येतो. तो मानू नये. ज्योतीचे तापमान आटोक्यात ठेवता येत नाही, पॉलिस्टायरीन पेट घेते, काळा काजळीचा धूर सोडते आणि तो धूर श्वासात जाण्याजोगा नसतो. याहूनही फसवी पद्धत म्हणजे पाते थंडच असताना बोटांनी हळूहळू वाकविणे. ते वाकते आणि काही दिवस तसे राहतेही. परंतु आतील ताण तसाच असतो, आणि मग मुळाशी डिंकासारखा लावलेला द्रावक किंवा रंगातला थिनर त्याला लागला, की ताणलेल्या बाजूवर केसाएवढ्या बारीक भेगांचे जाळे उमटते. पुष्कळदा हे घडते ते प्रतिकृती रंगवून पूर्ण झाल्यानंतर. कित्येक संध्याकाळी खर्ची घालून केलेले काम मुळाशी तुटून पडते आणि करणाऱ्याला कारणही कळत नाही. उष्णतेने वाकविलेल्या पात्यात हा धोका फार कमी असतो.

पात्यांवर एवढा वेळ घेतल्यावर इतर भागांविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. उघड्या दरवाजांच्या व खिडक्यांच्या कडा आतल्या बाजूने तिरप्या खरवडल्या, की भिंत जाड असूनही पातळ दिसते. डोळा कड पाहतो, भिंत पाहत नाही. काचेचे भाग मात्र अशा युक्तीने सुधारत नाहीत, कारण पारदर्शक भागाची जाडी आरपार दिसते. १९४६ साली अमेरिकेत नागरी वापराचे प्रमाणपत्र मिळविणाऱ्या बेल ४७ या हेलिकॉप्टरचा तर सारा चेहराच काचेच्या बुडबुड्यासारखा आहे. हा बुडबुडा दोन अर्धुके जोडून केला, तर मधोमध सांधा राहतो आणि जाडीमुळे आतील आसने वाकडीतिकडी दिसतात. येथे संचातील भाग बाजूला ठेवून नवा घडविणे चांगले. त्या आकाराचा लाकडी नमुना करावा, तो पत्र्याच्या जाडीइतका लहान ठेवावा आणि लांबी भरून आरशासारखा गुळगुळीत करावा. प्लायवूडच्या फळीत नमुन्यापेक्षा किंचित मोठे भोक पाडून त्यावर पाव मिलिमीटर जाडीचा पारदर्शक अॅसिटेटचा तुकडा टाचण्यांनी ताणून बसवावा. विजेच्या शेगडीवर धरल्यावर तो मऊ होऊन मध्ये झोळी पडल्यासारखा लोंबू लागतो. त्याच क्षणी फळी नमुन्यावर दाबावी. पहिले चार-पाच तुकडे वाया जातात, हे गृहीत धरूनच सुरुवात करावी.

चाकांचे तत्त्व पात्यांसारखेच आहे, फक्त वजन येथे वरून येते. टायर जमिनीला टेकतो तेथे सपाट होतो आणि दोन्ही बाजूंना किंचित फुगतो. नुसते घासून सपाट केलेले चाक फुगीर होत नाही, ते कापल्यासारखे दिसते. गरम धातूच्या पट्टीवर ते क्षणभर दाबले, तर दोन्ही गोष्टी एकदम साधतात. मात्र सामानाने भरलेले यंत्र दाखवावयाचे असेल तर टायरबरोबर चाकांवरचे धक्काशोषक दांडेही आत दबलेले हवेत. टायर दबलेला आणि दांडा पूर्ण ताणलेला, असे कोठेही घडत नाही.

प्रत्येक जातीच्या हेलिकॉप्टरचे विसावणे वेगळे असते, आणि मि-८ चा नियम सरसकट लावता येत नाही. बेल यूएच-१ ची दोनच पाती असतात आणि ती झोपाळ्याच्या फळीसारखी एकत्र झुलतात. एक खाली तर दुसरे वर. ध्रुव या भारतीय हेलिकॉप्टरचे पहिले उड्डाण १९९२ साली झाले. त्याच्या चार पात्यांना वरखाली होण्यासाठी बिजागऱ्याच नाहीत आणि पाती स्वतःच वाकून ते काम करतात. फ्रेंच अलूएत-३ वरून बंगळूरला बनविलेल्या चेतकची पाती तीन आणि त्या मानाने आखूड. त्यांची लवण सौम्य असते. चेतक पाहावयाचे तर गोव्यात दाबोळीजवळ असलेल्या नौदलाच्या विमान-संग्रहालयात ते उभे आहे. पाती वाऱ्याने हलू नयेत म्हणून दोरीने बांधली असतील, तर त्यांचा बाक बदलतो, हेही पाहणाऱ्याने टिपून ठेवावे. शेपटीजवळचा लहान रोटर मात्र कोठेही वाकवू नये. त्याची पाती इतकी आखूड असतात की त्यांचे लवणे डोळ्याला दिसत नाही. तो रोटर कोणत्या बाजूला आहे हे मात्र पाहावे. मि-८ मध्ये तो उजवीकडे असतो, आणि त्याच घराण्यातल्या मि-१७ मध्ये डावीकडे.

प्रतिकृती छताला दोऱ्याने टांगून उडताना दाखवावयाची असेल, तर वरील सारे उलटे होते. फिरत्या पात्यांना केंद्रापासून दूर खेचणारे बळ ताठ करते आणि यंत्राचे वजन त्यांच्यावर लोंबकळते. त्यामुळे ती खाली लवण्याऐवजी टोकांशी किंचित वर उचललेली असतात, उथळ बशीसारखी. चाके मोकळी, टायर गोल, दांडे पूर्ण ताणलेले. टांगलेल्या हेलिकॉप्टरला झुकलेली पाती बसविणे ही टेबलावरच्या ताठ पात्यांइतकीच मोठी चूक आहे.

पाती बसवून झाली, की प्रतिकृती ठेवण्याची जागा निवडताना पश्चिमेकडची खिडकी टाळावी. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत पातळ प्लॅस्टिकचे भाग वाकडे झाल्याचा अनुभव पुष्कळांना असेल. काचेच्या बंद कपाटावर मे महिन्याचे ऊन पडत राहिले तर तसाच धोका असतो. गडद रंगाची पाती उष्णता अधिक शोषतात. वर्षातून एकदा, उन्हाळा संपला की, कागदावरची मूळ वक्ररेषा पात्यांमागे धरून पाहावी, आणि एखादे पाते तिच्याखाली गेलेले आढळले तर ते काढून पुन्हा ठोकळ्यावर बांधावे.